लिंकनचा विनोद

निवडणुकीचे दिवस आले की सभांमधून आणि वृत्तपत्रांतून शब्दांची चकमक झडू लागते, आणि या चकमकीत युक्तिवादाइतकाच विनोदही कामास येतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर ही परंपरा फार जुनी आहे. अध्यक्षपदाचा उमेदवार मोठा विद्वान आहे की नाही, याची चौकशी तेथील मतदार एक वेळ करणार नाही. पण त्याला हसता येते की नाही, आणि विशेषतः स्वतःला हसता येते की नाही, हे तो बारकाईने पाहतो. या परंपरेत ज्याचे नाव सर्वांत आधी आठवावे असा पुरुष म्हणजे अब्राहम लिंकन.

लिंकनचे चित्र तुम्ही पाहिले असेल. खोल गेलेले डोळे, गालांवरच्या सुरकुत्या, ओठांवर हास्याचा मागमूस नाही. ओंडक्यांच्या खोपटात जन्मलेला, सगळे मिळून जेमतेम वर्षभर शाळेत गेलेला, स्वकष्टाने वकील झालेला आणि अखेर गुलामगिरीच्या नाशास कारणीभूत झालेला हा महापुरुष गोष्टीवेल्हाळ आणि विनोदी होता, असे त्या चित्राकडे पाहून कोणास वाटणार नाही. परंतु त्याच्या काळच्या लोकांना तो प्रथम याच गुणामुळे ठाऊक होता. मित्र त्याच्या गोष्टी ऐकण्यासाठी रात्र रात्र जागत. आणि हा माणूस देशाच्या संकटकाळीही थट्टा करतो, म्हणून शत्रू त्याच्यावर तुटून पडत.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्याकडे चातुर्याची कोणतीही गोष्ट जशी बिरबलाच्या नावावर जमा होते, तशीच अमेरिकेत कोणतीही विनोदी कथा लिंकनच्या नावावर खपते. ‘तुम्ही दुतोंडी आहात’, असा आरोप झाला तेव्हा, ‘मला दुसरे तोंड असते, तर हे घेऊन मी तुमच्यापुढे आलो असतो काय?’ असे उत्तर त्याने दिले, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. पण तिला भक्कम पुरावा नाही. लिंकनने स्वतःही या बाबतीत कधी फुशारकी मारली नाही. आपण या मालाचे कारखानदार नसून केवळ किरकोळ विक्रेते आहोत, असे तो म्हणे, अशी त्याच्या परिचितांची साक्ष आहे. तरुणपणी न्यू सेलम या खेड्यात त्याने भागीदारीत दुकान काढले होते आणि ते बुडाले होते. हे दुसरे दुकान मात्र त्याला जन्मभर पुरले.

या दुकानाची भरभराट झाली ती इलिनॉय राज्यातील फिरत्या न्यायालयांच्या निमित्ताने. त्या काळी वसंतात आणि शरदात न्यायाधीश आणि वकील यांचा एक तांडाच घोड्यांवरून आणि बग्ग्यांतून गावोगाव हिंडत असे. दिवसा न्यायालयात एकमेकांविरुद्ध तावातावाने भांडणारे हे वकील रात्री एकाच खाणावळीत उतरत. कित्येकदा एका खाटेवर दोघे दोघे निजत. जेवणे झाली की शेकोटीभोवती कोंडाळे जमे आणि लिंकन बोलू लागे. ६ फूट ४ इंच उंचीचा, हाडकुळा, हातपाय कोठे ठेवावेत हे ज्याला कळत नाही असा हा माणूस गोष्ट सांगू लागला की त्याचा सारा चेहरा पालटून जाई, असे अनेकांनी नमूद केले आहे. आणि गोष्ट संपताच पहिला हसणारा तोच असे!

पण हातात आलेले शस्त्र प्रथम चालविणाऱ्याचाच हात कापते. तरुण लिंकनच्या विनोदाला धार होती आणि ती कोठे लागते याची त्याला फारशी पर्वा नव्हती. १८४० साली स्प्रिंगफील्ड येथील सभेत जेसी टॉमस नावाच्या प्रतिपक्षाच्या वक्त्याने त्याच्यावर टीका केली. लिंकन उत्तरास उभा राहिला. त्याने टीकेतील मुद्दे खोडून काढले असते तर कोणी काही म्हटले नसते. त्याने टॉमसची नक्कलच सुरू केली. त्याचे चालणे, त्याचे हातवारे, त्याच्या आवाजातील हेल, सारे काही त्याने इतके हुबेहूब उभे केले की श्रोते गडबडा लोळू लागले. आणि श्रोत्यांत बसलेला टॉमस डोळ्यांत पाणी आणून निघून गेला. सभा लिंकनने जिंकली खरी. पण पुढे ही आठवण त्याला डाचत राहिली आणि त्याने टॉमसला गाठून त्याची क्षमा मागितली. वर्गात एखाद्याच्या बोलण्याची वा चालण्याची नक्कल करून सर्वांना हसवणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल, आणि ज्याची नक्कल झाली त्याचा चेहराही पाहिला असेल. लिंकनने तो चेहरा पाहिला, हे त्याचे वेगळेपण.

तरीही खोड एका दिवसात जात नाही. दोनच वर्षांनी, १८४२ साली, इलिनॉयची सरकारी बँक बुडाली आणि तिच्या नोटा कर म्हणून स्वीकारल्या जाणार नाहीत, असे फर्मान निघाले. लोकांच्या हाती तर त्याच नोटा होत्या. हे फर्मान जेम्स शील्ड्स या राज्याच्या हिशेबतपासनिसाच्या सहीने निघाले होते. शील्ड्स मूळचा आयर्लंडचा. शूर, पण तापट आणि आपल्या रुबाबाविषयी फार दक्ष. लिंकनने ‘रिबेका’ या खेडवळ बाईच्या नावाने स्थानिक वृत्तपत्रात एक पत्र लिहिले. गावरान बोलीत तिने सरकारी कारभाराचे वाभाडे काढले. एवढेच नव्हे, तर शील्ड्सच्या नटव्या वागण्याची आणि स्त्रियांपुढे मिरवण्याच्या हौसेची यथेच्छ टवाळी केली. लिंकनची भावी पत्नी मेरी टॉड आणि तिची एक मैत्रीण यांनाही हा खेळ आवडला आणि त्यांनी त्याच नावाने आणखी मजकूर पाठविला.

शील्ड्स भडकला. पत्र कोणी लिहिले ते सांगा, असा त्याने संपादकाला आग्रह धरला. लिंकनने सारी जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. स्त्रियांची नावे पुढे येऊ दिली नाहीत. शील्ड्सने द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. आव्हान स्वीकारणाऱ्याला शस्त्र निवडण्याचा अधिकार असे. लिंकनने पिस्तूल निवडले नाही. घोडदळातील सर्वांत मोठ्या आकाराची रुंद तलवार निवडली. शिवाय अट घातली की, दोघांच्या मध्ये जमिनीवर १० फूट लांबीची एक फळी उभ्या कडेवर रोवावी आणि जो तिच्यापलीकडे पाऊल टाकील तो प्राणास मुकेल. लिंकनच्या हातांची लांबी पाहता ही अट ऐकूनच कोणास हसू यावे. फळीच्या पलीकडून शील्ड्सची तलवार त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. त्याची मात्र सहज पोहोचली असती!

द्वंद्वयुद्ध इलिनॉयच्या कायद्याने गुन्हा होते. म्हणून २२ सप्टेंबर १८४२ रोजी दोन्ही पक्ष मिसिसिपी नदी ओलांडून मिसूरीच्या बाजूच्या एका बेटावर गेले. तलवारी आल्या. अखेरच्या घटकेस दोन्हीकडच्या मित्रांनी मध्यस्थी केली, खुलासे झाले आणि रक्त न सांडता मंडळी परतली. या घटनेची लिंकनला पुढे इतकी लाज वाटत असे की ती निघालेलीही त्याला खपत नसे. एका विनोदी पत्रापायी तो एका मनुष्याचा जीव घ्यायला किंवा स्वतःचा द्यायला निघाला होता. टोपण नावाखाली लपून कोणाच्या व्यंगावर बोट ठेवणे यानंतर त्याच्या लेखनात फारसे आढळत नाही. आणि शील्ड्स? पुढे यादवी युद्ध पेटले तेव्हा हाच शील्ड्स लिंकनच्या सैन्यात ब्रिगेडियर जनरल म्हणून लढला आणि १८६२ साली रणांगणावर जखमी झाला.

विनोदाचा रोख हळूहळू वळू लागला. १८४८ साली लिंकन अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा सभासद होता. विरोधी पक्षाने जनरल कॅस यांना अध्यक्षपदासाठी उभे केले होते आणि त्यांच्या जुन्या युद्धपराक्रमांचे पोवाडे गायले जात होते. लिंकन म्हणाला की, पराक्रमी पुरुष तर मीही आहे! १८३२ साली ब्लॅक हॉक या इंडियन सरदाराविरुद्ध झालेल्या मोहिमेत तो स्वयंसेवकांच्या तुकडीचा कप्तान होता, पण शत्रू त्याच्या दृष्टीस पडला नव्हता. त्याने सभागृहाला सांगितले की, जनरलसाहेबांनी रानातील बोरे वेचण्यात माझ्यावर आघाडी मारली असेल, पण रानकांद्यांवर चढाई करण्यात मी त्यांना मागे टाकले. जिवंत, लढणारे इंडियन मी पाहिले नाहीत, तथापि डासांशी मात्र माझ्या अनेक रक्तरंजित लढाया झाल्या. कॅस यांचा फुगा फुटला. पण टाचणी लिंकनने प्रथम स्वतःच्या फुग्याला लावली होती. टॉमसच्या नकलेत आणि या भाषणात जो फरक आहे, तो ध्यानात घेण्यासारखा आहे.

स्वतःवर हसून प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याची ही हातोटी पुढच्या काळातील काही अध्यक्षांनाही साधली होती. १९४४ साली फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा निवडणुकीस उभा राहिला, तेव्हा तो ६२ वर्षांचा होता, पायांनी अधू होता, आणि युद्धाच्या भाराने थकून गेलेला दिसत होता. त्याच्याजवळ फाला नावाचा स्कॉटिश जातीचा एक लहानसा काळा कुत्रा असे. विरोधकांनी कंडी पिकविली की, अल्यूशियन बेटांवर हा कुत्रा विसरून राहिला आणि त्याला आणण्यासाठी लोकांचे लक्षावधी डॉलर खर्चून एक विनाशिका पाठविली गेली. २३ सप्टेंबर रोजी वॉशिंग्टन येथे मालमोटार कामगारांच्या संघटनेच्या भोजनप्रसंगी रूझवेल्ट बोलला आणि ते भाषण रेडिओवरून देशभर ऐकले गेले. अत्यंत गंभीर स्वरात त्याने सांगितले की, माझ्यावर, माझ्या पत्नीवर, माझ्या मुलांवर टीका करून या पुढाऱ्यांचे समाधान झाले नाही, आता ते माझ्या लहानग्या फालावर घसरले आहेत. मला टीकेचा राग येत नाही, माझ्या कुटुंबालाही येत नाही. पण फालाला येतो! तो जातीचा स्कॉटिश. पैशाची ही उधळपट्टी ऐकून त्याचा आत्मा खवळला आणि तेव्हापासून तो पूर्वीचा कुत्रा राहिला नाही. (स्कॉटलंडचे लोक काटकसरी म्हणून प्रसिद्ध आहेत, हे येथे ठाऊक असावे लागते.) हास्याचा एकच कल्लोळ उसळला. म्हातारा थकला आहे, असे म्हणणाऱ्यांची तोंडे त्या रात्री बंद झाली. वॉशिंग्टनमधील रूझवेल्टच्या स्मारकात आज फालाचाही पुतळा आहे.

१९४८ साली हॅरी ट्रूमन हरणार, अशी सर्वांची इतकी खात्री होती की शिकागोच्या एका मोठ्या दैनिकाने निकाल पुरते हाती येण्यापूर्वीच त्याच्या पराभवाचा ठळक मथळा छापून टाकला. ट्रूमन निवडून आला, आणि सेंट लुईसच्या स्थानकात आगगाडीच्या डब्यातून तोच अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसत उभा राहिला. त्याला एक शब्दही बोलावा लागला नाही. १९८४ साली रोनाल्ड रेगन ७३ वर्षांचा होता आणि पहिल्या जाहीर वादात तो अडखळला होता. दुसऱ्या वादात वयाचा प्रश्न निघताच त्याने सांगितले की, या निवडणुकीत मी वयाचा मुद्दा करणार नाही. माझ्या प्रतिस्पर्ध्याचे तारुण्य आणि अननुभव यांचा मी राजकीय लाभ उठवणार नाही. प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल ५६ वर्षांचा होता. तोही मनमोकळेपणाने हसला. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे उत्तर कितीही चतुर असले तरी मूळ प्रश्न काही खोटा नव्हता. हास्याच्या लाटेत तो वाहून गेला, इतकेच. विनोद प्रश्नाचे उत्तर देतो की प्रश्नच पळवून नेतो, हे श्रोत्याने आपले आपण पाहावे लागते.

आपण लिंकनला सोडून बरेच दूर आलो. आता १८५८ सालाकडे वळू. त्या वर्षी सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात इलिनॉयच्या सात गावी सात जाहीर वाद झाले. प्रत्येक वाद तीन तासांचा: एकाने एक तास बोलावे, दुसऱ्याने दीड तास, पुन्हा पहिल्याने अर्धा तास. हजारो शेतकरी गाड्या जुंपून येत आणि उन्हातान्हात उभे राहून ऐकत. एक वक्ता ताडासारखा उंच, तर दुसरा त्याच्यापेक्षा फूटभर ठेंगणा. प्रश्न मात्र हसण्यासारखा मुळीच नव्हता. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यावी की नाही, यावर सारे राष्ट्र दुभंगू पाहत होते.

पहिल्याच वादात डग्लसने लिंकनच्या शब्दांचा विपर्यास केला. लिंकन म्हणाला की, शब्दांची अशी उलथापालथ करून मनुष्य ‘हॉर्स चेस्टनट’चा ‘चेस्टनट हॉर्स’ सिद्ध करू शकेल. पहिले एका झाडाचे नाव, दुसरा तांबूस रंगाचा घोडा. अशा कोट्या एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेता येत नाहीत. ‘घोडचूक’ या शब्दावरून चूक घोड्यानेच केली, असे कोणी प्रतिपादू लागला तर आपण जे म्हणू, तेच लिंकनने म्हटले, असे समजावे.

सहावा वाद १३ ऑक्टोबरला क्विन्सी येथे झाला. डग्लसचे म्हणणे असे होते की, गुलामगिरी हवी की नको, हे ज्या त्या प्रदेशातील लोकांनी ठरवावे. परंतु १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, त्यापुढे या तत्त्वात काही अर्थ उरला नव्हता. गुलामगिरीला बंदी करण्याची सत्ताच उरली नाही, तर लोक ठरवणार काय? लिंकनने हे सारे एका दृष्टान्तात सांगितले. डग्लसचे तत्त्व आता इतके पातळ झाले आहे, तो म्हणाला, की उपासमारीने मेलेल्या कबुतराची सावली उकळून काढलेले ते होमिओपथीचे सार आहे! कबुतर, तेही उपाशी मेलेले, त्याचीही सावली, आणि तिचेही सार. प्रत्येक पायरीला पदार्थ कमी कमी होत जातो आणि शेवटी भांड्यात पाणीच उरते. हा केवळ टोमणा नव्हे. युक्तिवादच हास्याचे रूप घेऊन आला आहे. ही निवडणूक लिंकन हरला. पण दोन वर्षांनी, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, त्याने याच डग्लसला हरविले.

त्याच १८६० च्या निवडणुकीच्या धामधुमीतील एक हृद्य प्रसंग आहे. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल नावाच्या ११ वर्षांच्या मुलीने १५ ऑक्टोबरला उमेदवाराला पत्र लिहिले. तिने त्याला सुचविले की, तुमचा चेहरा फार बारीक आहे, तेव्हा तुम्ही दाढी वाढवा. सर्व स्त्रियांना दाढी आवडते, त्या आपापल्या नवऱ्यांच्या मागे लागून तुम्हाला मत देववतील. मला चार भाऊ आहेत. त्यांतले काही तुम्हालाच मत देणार आहेत, तुम्ही दाढी राखलीत तर बाकीच्यांचेही मन मी वळवीन! त्या वेळी अमेरिकेत स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत नव्हते. घटनेने तो हक्क त्यांना १९२० साली दिला. ज्यांना मत नाही त्यांनी मत कसे मिळवावे, हे या मुलीला अचूक उमगले होते.

लिंकनने चारच दिवसांत स्वतः उत्तर लिहिले. मला मुलगी नाही हे सांगताना वाईट वाटते, मुलगे तीन आहेत, असे कळवून त्याने विचारले की, आजवर कधी दाढी राखली नाही, आता एकाएकी राखली तर लोक त्याला खुळचट ढोंग म्हणणार नाहीत का? वचन त्याने दिले नाही. दाढी मात्र राखली. १६ फेब्रुवारी १८६१ रोजी अध्यक्षपद स्वीकारण्यासाठी जात असता त्याची गाडी वेस्टफील्डला थांबली, तेव्हा त्याने गर्दीत ग्रेसची चौकशी केली, खाली उतरून तो तिला भेटला आणि त्याने तिचा मुका घेतला. आज लिंकन म्हणून जो दाढीवाला चेहरा साऱ्या जगाला परिचित आहे, त्यात त्या मुलीच्या पत्राचा वाटा आहे.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, १२ एप्रिल १८६१ रोजी, यादवी युद्धाची पहिली तोफ उडाली. येथून पुढे लिंकनच्या विनोदाचा रंग बदलतो. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याचा विली हा ११ वर्षांचा मुलगा तापाने दगावला. रणांगणावरून पराभवामागून पराभवाच्या वार्ता येत होत्या. गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा त्याने उन्हाळ्यातच लिहून मंत्र्यांना ऐकविला होता. पण पराभवाच्या काळात तो काढल्यास बुडत्याची आरोळी ठरेल, विजयाची वाट पाहावी, असा सल्ला परराष्ट्रमंत्री सीवर्डने दिला आणि तो त्याला पटला. कागद खणात पडून राहिला. १७ सप्टेंबरला अँटिटॅम येथे लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. दक्षिणेची सेना मागे हटली. विजय म्हणावा तर एवढाच.

पाच दिवसांनी, २२ सप्टेंबर १८६२ रोजी, मंत्रिमंडळाची बैठक भरली. (त्या बेटावरच्या द्वंद्वाला त्या दिवशी बरोबर वीस वर्षे झाली होती.) काहीतरी फार महत्त्वाचे घडणार, या अपेक्षेने मंत्री बसले होते. लिंकनने एक पुस्तक हाती घेतले. ते आर्टेमस वॉर्ड या त्या काळच्या लोकप्रिय विनोदी लेखकाचे होते. त्यातील एक प्रकरण मला फार गमतीदार वाटते, असे सांगून तो वाचू लागला. मेणाचे पुतळे दाखवीत हिंडणारा एक खेळवाला युटिका गावी येतो. त्याच्या पुतळ्यांत येशूचा विश्वासघात करणारा ज्यूडासही असतो. एक दांडगा प्रेक्षक त्या पुतळ्याला ओढून बडवू लागतो, कारण असल्या नीच माणसाला आपल्या गावात तोंड दाखविण्याचा अधिकार नाही, असे त्याला मनापासून वाटते! अर्थमंत्री चेस याने त्याच दिवशी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की, अध्यक्षांना वाचनाचा फार आनंद झाला आणि इतरही हसले. अपवाद फक्त युद्धमंत्री स्टँटनचा.

मग पुस्तक मिटले. लिंकनचा स्वर गंभीर झाला. शत्रू मेरीलँडमधून हटला की हा जाहीरनामा काढीन, असे वचन मी स्वतःला आणि (येथे तो किंचित थांबला) आपल्या निर्मात्याला दिले होते, असे सांगून त्याने कागद वाचावयास घेतला. जी राज्ये १ जानेवारी १८६३ रोजी बंडात असतील, तेथील सर्व गुलाम त्या दिवसापासून कायमचे मुक्त होतील, असा त्याचा आशय होता. त्या क्षणी अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती.

‘सभ्य गृहस्थहो, आपण हसत का नाही? रात्रंदिवस माझ्यावर जो ताण आहे, त्यात मी हसलो नाही तर मरून जाईन’, असे लिंकन त्या बैठकीत म्हणाला, असे सांगतात. हे शब्द मागाहून कोणी तरी सांगितलेले आहेत आणि चेसच्या रोजनिशीत ते नाहीत. पण स्टँटनची बाजूही अगदीच अरसिकपणाची होती, असे मला वाटत नाही. ज्याच्या मेजावर मृतांच्या याद्या येऊन पडत होत्या, त्या मंत्र्याला पुतळ्याच्या मारामारीची गोष्ट रुचली नाही, तर त्याला दोष कसा द्यावा?

आणि स्टँटन एकटा नव्हता. १३ डिसेंबर १८६२ रोजी फ्रेडरिक्सबर्ग येथे उत्तरेच्या सैन्याचा भयंकर संहार झाला. नव्या वर्षाच्या आरंभी ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकात एक व्यंगचित्र आले. आपल्याकडे जशी भारतमाता, तशी तिकडे कोलंबिया ही राष्ट्राची देवता. ती लिंकनकडे बोट रोखून विचारते, माझे १५,००० पुत्र कोठे आहेत? लिंकन उत्तर देऊ लागतो, यावरून मला एक गंमत आठवते... आणि ती त्याला फटकारते की, ही गंमत स्प्रिंगफील्डला जाऊन सांग! पुत्र गमावलेल्या किती घरांतून त्या दिवशी हे चित्र पाहिले गेले असेल, याची कल्पना करावी.

१८६४ च्या निवडणुकीत याहून विषारी आरोप झाला. न्यूयॉर्कच्या एका पत्राने छापले की, अँटिटॅमच्या रणभूमीवर प्रेते पडलेली असताना लिंकनने आपल्या लॅमन नावाच्या मित्राला एक हास्यगीत म्हणावयास लावले. खरी हकीकत अशी होती की, लढाईनंतर सोळा दिवसांनी, रणभूमीपासून दूर, एका छावणीकडून दुसरीकडे जात असता त्याने लॅमनला एक जुने करुण गाणे म्हणावयास सांगितले होते; ते ऐकून मन फारच जड झालेले पाहून लॅमनने मागाहून एक दोन हलकीफुलकी गाणी म्हटली. लिंकनने हा सर्व खुलासा आपल्या हाताने लिहून काढला. त्या प्रवासात एकही प्रेत दिसले नाही, इतकेच काय, पावसाने न भिजलेली एक कबरही दिसली नाही, असे त्यात आहे. पण तो प्रसिद्ध करावयाचा नाही, असेच त्याने ठरविले. लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिले. खुलासा त्याच्या मृत्यूनंतरच उजेडात आला.

जाहीरनाम्यावर सही झाली ती १ जानेवारी १८६३ रोजी दुपारी. नववर्षाच्या भेटीस आलेल्या शेकडो लोकांशी हस्तांदोलन करून लिंकनचा हात बधिर झाला होता आणि लेखणी थरथरत होती. तो थांबला. सही कापरी दिसली तर ‘हा कचरला होता’, असे लोक म्हणतील, असे तो म्हणाला. आणि मग सावकाश, ठसठशीत अक्षरांत त्याने आपले संपूर्ण नाव लिहिले. त्या दिवशी सारे गुलाम सुटले, असे मात्र नव्हे. बंडात सामील न झालेल्या राज्यांतील गुलामांना हा जाहीरनामा लागू नव्हता. संपूर्ण देशातील गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली ती डिसेंबर १८६५ मध्ये, घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने. या घटनेचे पडसाद आपल्या महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो नीग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करून.

तेरावी दुरुस्ती पूर्ण झालेली पाहणे लिंकनच्या नशिबी नव्हते. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. १४ तारखेला, शुक्रवारी, लिंकन पत्नीसह वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात एक विनोदी नाटक पाहावयास गेला. चार वर्षांत प्रथमच त्याचे मन हलके होते. मारेकरी बूथ हा स्वतः नट होता आणि ते नाटक त्याला चांगले ठाऊक होते. ज्या वाक्याला प्रेक्षागृहात हमखास मोठा हशा पिकत असे, ते वाक्य येताच त्याने मागून गोळी झाडली. हास्याच्या गजरात तो आवाज कशाचा, हे प्रथम पुष्कळांच्या ध्यानातच आले नाही. जखमी लिंकनला रस्त्यापलीकडच्या एका घरात नेण्यात आले. तेथील खाट त्याच्या उंचीला पुरेना, म्हणून त्याला तिच्यावर तिरपे निजवावे लागले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी त्याच खाटेवर त्याने प्राण सोडला.